नोव्हेंबरातल्या सिंधूबाई

विहीणबाई, तुम्हाला जाऊन महिना झाला नाही तोच तुमची पेन्शन आली.

फ्रिजवर तो जुना फोन असतो ना, आपल्या दोघींची भारतातली सिमकार्डं घातलेला, निखिल ज्याला ओटीपीचा फोन म्हणतो, त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मीच रोज सकाळी न चुकता त्याला चार्जिंगला लावत होते. कशासाठी ते विचारू नका. एक तारखेला तो थरथरला. मी मेथी निवडत होते. हात पुसून, चष्मा लावून वाचलं, तर बँक सिंधूबाईंना कळवत होती की तुमच्या खात्यात या महिन्याची पेन्शन जमा झाली आहे. मी फोन घेऊन उठले आणि चालत तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दार ढकलल्यावर लक्षात आलं की मी तुम्हाला फोन द्यायला निघाले होते.

मग तशीच तुमच्या पलंगावर बसले. खिडकीतून अमेरातचे ते बोडके डोंगर दिसत होते. तुम्ही म्हणायचात की दुपारी हे डोंगर जरा पुढे सरकतात आणि ऊन उतरलं की परत जागेवर जातात. मी म्हणायचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नका. त्या दुपारी मी बराच वेळ बघत राहिले. एसी घरघरत होता, उशीला तुमच्या तेलाचा वास होता, आणि खरं सांगते, डोंगर सरकल्यासारखे वाटले. बँकेच्या हिशेबी तुम्ही असालच कुठेतरी, असंही वाटलं. मेथी तशीच राहिली.

माझा निखिल आणि तुमची मृदुला. दोघांच्या नोकऱ्या मस्कतला, घर अमेरातला, आपली नात ईरा इथल्याच शाळेत. आधी माझे यजमान गेले, मग तुमचे, आणि पोरांनी ठरवलं की दोन्ही आयांनी आता इकडेच यायचं. दोन विहिणी एका स्वयंपाकघरात म्हटल्यावर पुण्यात माझ्या बहिणीने कपाळाला हात लावला होता. दिवाळीच्या आत एक जण परत येईल, असं तिचं भाकीत होतं. कोण ते तिने सांगितलं नाही, माझा स्वभाव तिला ठाऊक आहे. पण आपण टिकलो. सकाळचा चहा तुमचा, संध्याकाळचा माझा. आमटीत गूळ घालायचा की नाही यावर एकमत शेवटपर्यंत झालं नाही. आणि एकमेकींना हाक कायम ‘विहीणबाई’. ईराला ते आपलं नावच वाटायचं. ‘दोघींचं नेम सेम कसं काय?’ असं तिने एकदा विचारलंसुद्धा.

इथे आलो आणि आपण एनआरआय झालो. तुम्ही गाऊनवर ओढणी घेऊन वाल सोलत होतात आणि निखिल लॅपटॉप घेऊन समोर बसला होता. साधं बचत खातं आता चालायचं नाही, परदेशात राहणाऱ्यांचं एनआरओ करावं लागेल. बँक टॅक्स कापून घेईल, मग रिटर्न भरून जास्तीचा परत मागायचा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला इथूनच पाठवायचा. तो बोलत होता आणि तुम्ही वाल सोलत होतात. शेवटी म्हणालात, ‘एनआरआय म्हटलं की मला गॉगल लावलेले लोक दिसतात. वाल सोलणारे नाही.’ त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्याबरोबर मोकळेपणाने हसले.

माझं सगळं सोपं होतं. ह्यांना पाटबंधारे खात्याची पेन्शन, त्यांच्यामागे मला फॅमिली पेन्शन. कागदावर शैला, पासपोर्टवर शैला. एम्बसीत जायचं, अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, मी जिवंत आहे आणि मी पुनर्विवाह केलेला नाही, अशा दोन सह्या करायच्या. त्या दुसऱ्या सहीच्या वेळी तुम्ही कानाशी येऊन म्हणाला होतात, ‘विहीणबाई, जरा दमाने. वर्ष अजून संपायचंय.’ मला असं हसू फुटलं की सही वाकडी आली आणि फॉर्म नवा भरावा लागला.

तुमचं मात्र नावावर अडलं. लग्नाआधीच तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला होतात, सिंधू म्हणून. मग लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, तुमच्या यजमानांनी अंगठीने त्यात ‘अनुराधा’ लिहिलं, पेढे वाटले गेले, आणि सिंधू नावाची मुलगी त्या घरात कधी शिरलीच नाही. घरात, रेशनकार्डावर आणि उतारवयात काढलेल्या पासपोर्टवर अनुराधा. शाळेच्या मस्टरवर, सर्व्हिस बुकात आणि पेन्शनच्या कागदांवर सिंधू, तेही माहेरच्या आडनावाने. साताऱ्यात कोणाला काही अडत नव्हतं, बँकेतली माणसं तुम्हाला चेहऱ्याने ओळखायची. इथल्या अधिकाऱ्याने दाखला बघितला, पासपोर्ट बघितला आणि फार अदबीने सांगितलं, ‘मॅडम, पासपोर्टवरच्या बाई हयात आहेत हे मला दिसतंय. पण या दुसऱ्या बाई हयात आहेत, हे मी कसं लिहून देऊ?’

त्याचं काही चुकलं नव्हतं. परत येताना गाडीत तुम्ही दाखल्याची घडी करून पिशवीत ठेवलीत. वादी अदाईच्या पुढे रस्ता डोंगरात वळायला लागला तेव्हा मी विचारलं, ‘त्या तांदळांचं पुढे काय झालं हो?’

‘सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याची खीर केली,’ तुम्ही म्हणालात. ‘मीच वाढली सगळ्यांना. छान झाली होती.’

आपलं भांडण तिथून सुरू झालं. माझं म्हणणं साधं होतं. नावात बदल झाला असं गॅझेटमध्ये एकदा छापून आणा आणि मोकळ्या व्हा. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आपण संध्याकाळी बसायचो, खालच्या घरातून लोबानचा वास यायचा, डोंगर आधी तांबूस आणि मग जांभळे व्हायचे, आणि अशा रम्य वेळी मी गॅझेटचा विषय काढायचे.

‘कुठलं नाव खोडू?’ तुम्ही विचारायचात.

‘खोडायचं कुठे? जुनं नाव अमुक, नवं नाव तमुक, एवढंच लिहायचं.’

‘म्हणजे तेच झालं. मुलांना पाढे शिकवले ते सिंधूने. पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत गेली ती सिंधू. पेन्शन तिची आहे. अनुराधाने घर केलं, तिला घर मिळालं.’

‘अहो, पण बाई एकच ना?’

‘तुमचं नाव कोणी बदललं नाही, विहीणबाई. म्हणून तुम्हाला सोपं वाटतं.’

यावर मी चिडायचे. माझ्या सासूबाईंना शैला नाव आवडलं आणि ते राहिलं, यात माझं कर्तृत्व काय? पण चिडले की मी तुमच्या विमानाच्या तिकिटावर घसरायचे. कारण तुम्ही तोडगा काढला होता. दर नोव्हेंबरात मस्कतहून निघायचं, साताऱ्याला जायचं, बँकेच्या खिडकीपुढे उभं राहायचं आणि चेहरा दाखवून यायचं. एका सहीसाठी समुद्र ओलांडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मृदुला वैतागायची, निखिल तिकीट काढायचा. तुम्ही दसऱ्यापासूनच ती मोरपिशी इरकल बाहेर काढून उन्हात टाकायचात.

गेल्या वर्षी मी हट्टाने तुमच्याबरोबर आले. बघू तरी काय आहे एवढं, म्हणून. आणि विहीणबाई, तिथे जे पाहिलं ते मी तुम्हाला कधी बोलले नाही, ते आज बोलते. साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या तुम्ही भरभर चालायला लागलात. अमेरातला जिना चढताना माझा हात धरणारी बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेलीसुद्धा, मीच मागे राहिले. भाजीवाल्याला तुम्ही त्याच्या पोराच्या अक्षराबद्दल विचारलंत. पोट सुटलेला एक गृहस्थ स्कूटर थांबवून भर चौकात पाया पडला आणि ‘सिंधूबाई, मी तुमचा’ एवढंच म्हणत राहिला. तुम्ही त्याला नावाने ओळखलंत आणि वर ‘शर्ट आत खोच’ म्हणालात. त्याने खोचला.

बँकेत बाकावर तुमच्यासारख्या बऱ्याच जणी, बरेच जण बसले होते, दाखल्याची घडी हातात धरून. कोणाचे गुडघे, कोणाचा जावई, सगळ्या चौकश्या चालल्या होत्या. मग खिडकीतून त्या क्लार्कने नाव पुकारलं, सिंधू आणि पुढे ते माहेरचं आडनाव. तुम्ही ‘हजर’ म्हणून उभ्या राहिलात, शाळेतल्या मुलीसारख्या. सगळा बाक हसला. तुम्हीही हसलात. ते हसू अमेरातच्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला जरा हेवा वाटला. नंतर आपण कंदी पेढे घेतले. परतीच्या विमानतळावर, पासपोर्टच्या रांगेत, तुम्ही हळूहळू पुन्हा अनुराधा होत गेलात. पदर सारखा केलात, चाल मंदावली, आणि अधिकाऱ्याच्या पुढे गेलात तेव्हा माझा हात धरलात.

ती नोव्हेंबरातली बाई मला फार आवडली होती. आणि खरं तर दोघीही आवडायच्या. विहिणीला असं सांगायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून राहून गेलं. आपल्यात मानपान असतो, आहेर असतो, रुसवे असतात. तुम्ही मला आवडता, हे म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

गणपती उठले आणि दोन-चार दिवसांनी तुम्ही दुपारी आडव्या झालात त्या उठला नाहीत. मी चहाचं आधण ठेवून हाक मारली होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, काही कळलंही नसेल. पुढचे दिवस कागदांचेच होते. हॉस्पिटलचा, पोलिसांचा, एम्बसीचा, निखिल एकेक आणत होता आणि मृदुला आईच्या नावाखाली सह्या करत होती. सोहारच्या स्मशानात तुम्हाला नेलं. समुद्राकडच्या त्या लांब, सरळ रस्त्याने गेलो. मृत्यूच्या दाखल्यावर नाव अनुराधा. दिवस केले तेही अनुराधाचे. सगळं रीतसर झालं. आणि मग एक तारखेला फोन थरथरला.

मी तो मेसेज जेवणाच्या टेबलावर ठेवला. मृदुला वाचून आत निघून गेली. निखिल म्हणाला, ‘आई, तू टेन्शन घेऊ नको. काही करायचीच गरज नाही. नोव्हेंबरात दाखला गेला नाही की पेन्शन आपोआप बंद होते. मागचे जास्तीचे आलेले परत करू. रीतसर कळवायचं म्हटलं, तर बँकेला मुलीचं ॲफिडेव्हिट हवं, शिवाय वारसात नसलेल्या पण बाईंना नीट ओळखणाऱ्या कोणाचं तरी हवं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची म्हणून. मग एम्बसीत अटेस्टेशन. कशाला ती भानगड?’

माझा मुलगा वाईट नाही, तुम्हाला माहीत आहे. थकला होता. पण माझं डोकं असं फिरलं की ताटावरून उठले. आयुष्यभर विनाअर्ज एक रजा न घेतलेली बाई. ताप अंगात घेऊन मुलांचा मस्टर भरणारी. आणि तिचा शेवट काय, तर नोव्हेंबरात आली नाही, सबब बंद? म्हणजे अनुराधा गेली, तिला हार, तिला अग्नी, तिचे दिवस. आणि सिंधू नुसती गैरहजर? मी हे सगळं मोठ्याने म्हणाले असणार, कारण मृदुला बाहेर येऊन दाराशी उभी होती. ‘तुम्ही सही कराल का, आई?’ तिने विचारलं.

आणि विहीणबाई, मला लगेच हो म्हणता येईना. इतका आवाज चढवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की सही कशावर करायची आहे. आता फक्त त्या फोनमध्ये तुम्ही आहात. मी सही केली की तिथूनही जाल. पुढच्या एक तारखेला तो थरथरणार नाही. ‘बघते,’ एवढंच म्हणाले मी.

त्यानंतर दुपारची झोप म्हणजे साताराच झाली. डोळा लागला की मी बँकेच्या बाकावर बसलेली असते. बाहेर डोंगर अमेरातचे, आत माणसं साताऱ्याची. बकऱ्या आत येऊन दाखले हुंगतात, कोणी हाकलत नाही. माझ्या शेजारी तुमची निळी कापडी पिशवी असते, पेढ्यांच्या पुड्याने फुगलेली. क्लार्क नाव पुकारतो. मी पिशवीकडे बघते. तो पुन्हा पुकारतो, जराही न चिडता, आणि सगळा बाक वाट बघत बसतो. कोणी उठत नाही. मला जाग येते तेव्हा तोंड कोरडं पडलेलं असतं. हेच स्वप्न परत परत पडायला लागलं, आणि मला कळलं की हे त्या माणसाचे हाल आहेत, त्या बाकाचे हाल आहेत, आणि तुमचेही. कोणीतरी उठून सांगायला हवं.

परवा निखिलला म्हटलं, चल. आम्ही हमरियाच्या बाजारात गेलो, त्या गल्लीत जिथे तुम्ही परकरासाठी कापड घेतलं होतंत. तिथे टायपिंगचं दुकान आहे सलीमभाईंचं, मूळचे रत्नागिरीकडचे. बसा काकी म्हणाले, चहा मागवला. मृदुलाने सगळं लिहून दिलं होतं, ते बघून टाइप करता करता मध्येच थांबले.

‘काकी, ह्या दोघी तुमच्या कोण?’

‘दोघी नाहीत,’ निखिल म्हणाला, ‘एकच आहेत.’

‘नाय, नावं दोन हायत, म्हणून इचारलं. तुम्ही दोघींना वळखत होतात?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘एक माझ्या घरात राहायची. दुसरी साताऱ्याला नोव्हेंबरात भेटली.’

‘आणि दोघी वारल्या?’

‘एकाच दिवशी.’

सलीमभाईंनी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. पंखा फिरत होता. मग हळूच म्हणाले, ‘नातं काय टाकू? इंग्लिशमध्ये विहिणीला काय शब्द नाय.’

‘मैत्रीण टाका,’ मी म्हटलं. निखिल माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या आईला मैत्रीण असू शकते, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं बहुतेक. नंतर एम्बसीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही केली. या वेळी ती सरळ आली. कानाशी बोलायला कोणी नव्हतं.

तर आपलं भांडण असं संपलं. सिंधू आणि अनुराधा एकच, असं मी शपथेवर लिहून दिलं आहे. तुम्ही वरून म्हणत असाल की शेवटी विहिणीने आपलंच खरं केलं. म्हणा. पण मी काही खोडलेलं नाही. दोन्ही नावं त्या कागदावर शेजारी शेजारी आहेत, पूर्ण, आडनावांसकट.

कागद कुरियरने पाठवू, म्हणाला निखिल. नको म्हटलं. नोव्हेंबरचं माझं तिकीट काढ. मृदुलाही येते आहे, तुम्हाला वाईला कृष्णेत सोडायला. दसरा झाला, तेव्हा तुमची मोरपिशी इरकल मी गच्चीवर उन्हात टाकली. मला ती जरा आखूड होते, पण चालेल. ओटीपीचा फोनही बरोबर घेणार आहे, त्यालाही घरी नेऊन आणते.

मी आधी कोणाला काही सांगणार नाही. बाकावर तुमची पिशवी शेजारी ठेवून बसेन, गुडघ्यांच्या गप्पा ऐकेन. आणि खिडकीतून तुमचं नाव पुकारलं ना, सिंधूबाई, की मी उठेन.